कुजबुजरावांचं पहिलं वाक्य

नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजराव म्हणत. नाव ठेवणारा जरा आळशीच असावा, कारण कुजबुजणं हाच त्यांचा धंदा होता. ते प्रॉम्प्टर होते. संहिता मांडीवर घेऊन विंगेत बसायचं, आणि नट अडखळला की पुढचे दोन शब्द असे सोडायचे की नटाला ऐकू जावेत, पहिल्या रांगेला नाही. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की त्यांचा खरा आवाज कसा होता हे बायकोही विसरली होती. ते पाव किलो टोमॅटो अशा सुरात मागत, की भाजीवाला इकडेतिकडे बघून विचारी, "काका, चोरीचे हवेत का?"

बायकोचं नेमकं उलटं. ती दुसऱ्याच्या बेकरीत केक करायची. भट्टी, पंखे आणि मिक्सर यांच्या वरताण ओरडण्यात जन्म गेलेला, त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार तिच्या गावीच नव्हता. आता कुठे तिचं स्वतःचं दुकान होणार होतं. कोपऱ्यावरचा गाळा ठरला, बँकेचं कर्ज मंजूर झालं, पुढच्या महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी किल्ली मिळणार होती. पाटीचा रंग कोणता, यावरून दोघांचं भांडणही झालं होतं, म्हणजे तयारी पूर्ण झाली होती.

आणि मग कपडेपटात टांगलेल्या कुजबुजरावांच्या कोटातून पाकीट गेलं, आणि पाकिटातलं क्रेडिट कार्डही. ते कार्ड त्यांनी कधी वापरलं नव्हतं. चोराने मात्र हौस भागवून घेतली. बिल आलं तेव्हा कळलं, की आपण घोडेस्वारीचे बूट, एक अख्खा ड्रमसेट आणि हवा भरून अंगणात मांडायचा पोहण्याचा हौद घेतला आहे. पोलिसांत तक्रार झाली. पण बँकेने ‘तुम्ही उशिरा कळवलंत’ म्हणून प्रकरण वसुलीवाल्यांच्या गळ्यात घातलं, आणि बायकोच्या कर्जावर नवऱ्याचीही सही असल्याने तेही अडकवून ठेवलं. शनिवारपर्यंत यजमानांचं नाव साफ झालं तर ठीक, नाहीतर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला जाणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

वसुलीचे फोन सुरू झाले. रोज सकाळी एक घोगऱ्या आवाजाचा माणूस तीच वाक्यं त्याच क्रमाने म्हणे.

"आपल्या नावावर थकबाकी आहे. आपण ती मान्य करता का?"

"नाही हो," कुजबुजराव कुजबुजत.

"मोठ्याने बोला."

मग बायको फोन हिसकावून घेई. "अहो, माझा नवरा बादलीतल्या पाण्याला घाबरतो, तो हौद घेऊन काय करणार? बोट बुडवणार?"

"आम्हाला कार्डधारकाशीच बोलायचंय," घोगरा म्हणे, आणि पालथ्या घड्यावर पाणी.

आठवडाभरात कुजबुजरावांना घोगऱ्याची संहिता तोंडपाठ झाली. एवढंच नाही, ती त्यांना आवडायला लागली. "सुरुवात चांगली आहे," ते बायकोला म्हणाले, "धमकीचा भाग तेवढा लांबलाय. तिथे कात्री लावायला हवी."

"मी तुम्हालाच कात्री लावीन," बायको म्हणाली.

गुरुवारी फोन आला तो एका नव्या बाईचा. पहिलाच दिवस असावा, आवाज थरथरत होता. "नमस्कार. आपल्या नावावर... आपल्या..." पुढे शांतता. कागद उलटल्याचा आवाज. पुन्हा शांतता.

आता, नट अडखळला की प्रॉम्प्टरचं जे होतं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. कुजबुजरावांचा जीव कासावीस झाला.

"थकबाकी आहे," त्यांनी हळूच सोडलं.

"हां, थकबाकी आहे! ती न भरल्यास... न भरल्यास..."

"कायदेशीर कारवाई."

"कायदेशीर कारवाई होईल आणि आमचा माणूस..."

"आपल्या राहत्या घरी."

"राहत्या घरी येईल!" बाईंचा आवाज आता छान लागला होता. त्यांनी पूर्ण जोशात शेवटचा सवाल टाकला, "आपण ही थकबाकी मान्य करता का?"

आणि पुन्हा शांतता. कुणीतरी वाक्य विसरलं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणतात ते काय उगाच?

"हो, मान्य आहे," कुजबुजरावांनी प्रॉम्प्ट केलं.

"धन्यवाद काका," बाई भारावून म्हणाल्या. "मान्य केल्याची नोंद झाली." फोन ठेवला.

दारात बायको क्रीमची पिशवी घेऊन उभी होती. ती पिशवी तिने नकळत इतकी आवळली की क्रीमची एक लांब धार थेट कॅलेंडरवर, शनिवारवर जाऊन बसली.

"अहो, काय बोललात तुम्ही?"

"ते माझं वाक्य नव्हतं गं."

"मग कुणाचं होतं?"

"कर्जदाराचं."

"आणि कर्जदार कोण?"

कुजबुजरावांनी विचार केला. "मीच की," ते म्हणाले, आणि मटकन खाली बसले.

बायको आधी हसली, पोट धरून हसली, आणि हसता हसता एकदम रडायला लागली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण त्यांनी तो बायकोच्या दुकानावर पाडला होता. त्यांना इतकं वाईट वाटलं, की त्या रात्री नायिका पत्रातला मजकूर विसरली तरी त्यांनी प्रॉम्प्ट केलं नाही. तिने प्रेक्षकांना हवापाण्याच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेली.

शुक्रवारी बायकोने त्यांना वसुलीच्या ऑफिसात ओढत नेलं. एका हातात पोलीस तक्रारीची प्रत, दुसऱ्या हातात केकचा खोका, कारण कुठेही रिकाम्या हाताने जायचं नाही हा तिचा नियम. मग तो माणूस घर जप्त करणारा का असेना. आत माणसं रांगेने कानाला हेडफोन लावून बसली होती. प्रत्येकासमोर एक छोटा आरसा, त्यावर चिठ्ठी : ‘हसून बोला’. माणसं आरशात हसत हसत धमक्या देत होती.

घोगरा राक्षस असेल असं वाटलं होतं, निघाला काडीपैलवान. गालात खोकल्याची गोळी. त्याने गुरुवारचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. ‘थकबाकी आहे’ला दोघं वळली. ‘राहत्या घरी’ला अख्खी रांग वळली. ‘हो, मान्य आहे’ला एकाने हेडफोन काढून टेबलावर डोकं टेकलं आणि तो खांदे हलवत राहिला. नव्या बाईंनी आरसा उचलून तोंडासमोर धरला होता.

घोगऱ्याने डोळे पुसले. "काका, एवढा सहकार्य करणारा कर्जदार मी पाहिला नाही. पण नोंद ती नोंद. ती खोडायची तर तुमच्याच आवाजात स्पष्ट नकार हवा. तक्रारीची प्रत आहेच, नकार नोंदला की मी आजच बँकेला कळवतो. माइकवरचा हिरवा दिवा लागला की आवाज नोंदला गेला." त्याने माइक पुढे सरकवला.

"मला मान्य नाही," कुजबुजराव म्हणाले. दिवा हूं की चूं करेना.

"मोठ्याने, काका."

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. रांगेने बसलेली ती सगळी माणसं त्यांच्याकडे बघत होती. आयुष्यभर त्यांनी प्रेक्षक पाहिले ते पडद्याच्या फटीतून. डोक्यातून शब्दच पळाले. दोन शब्द सुचवायला विंगेत कुणी नव्हतं.

बायकोला राहवेना. खोक्याआडून, तिच्या मते अगदी हळूच, ती म्हणाली, "म्हणा, मला मान्य नाही!"

पलीकडच्या खोलीतला चहावाला आत डोकावला. घोगरा दचकून म्हणाला, "वहिनी, तुम्ही नाही, त्यांनी बोलायचंय."

"म्हणाऽऽ, मला—"

"अगं, असं प्रॉम्प्टिंग करतात का!" कुजबुजराव ताडकन उभे राहिले. आवाज कुठून आला ते त्यांनाही कळलं नाही, पण आरसे थरथरले. "शेवटच्या रांगेला ऐकू गेलं ते! ओठ न हलवता, श्वासावर सोडायचं असतं! आणि वाक्य माझं आहे, ते मीच म्हणणार! हे कर्ज मला मान्य नाही! बूट माझे नाहीत, ड्रम माझा नाही, आणि हौदात मी मेलो तरी उतरणार नाही!"

हिरवा दिवा लागला.

टाळ्या पहिल्यांदा नव्या बाईंनी वाजवल्या, मग रांगेतल्या सगळ्यांनी. कुजबुजराव तसेच उभे, लालबुंद, हात कुठे ठेवावेत ते कळेना. आजवर टाळ्या मिळाल्या त्या नेहमी दुसऱ्याला, आणि पुढे काय करायचं असतं तेच त्यांना आठवेना.

मागून, ओठ न हलवता, श्वासावर सोडलेले दोन शब्द आले.

"अहो, वाका."

पहिल्या रांगेला काही ऐकू गेलं नाही. ते वाकले.