विजेची शेगडी

वेंडेलने आपल्या घराच्या तळघराच्या भिंतीला मोजपट्टी लावली आणि आकडा पेन्सिलीने तळहातावर लिहून घेतला.

"बिअरचं पातेलं इथे. वर खिडकीत पंखा, वाफ बाहेर टाकायला. कपडे वाळवायच्या यंत्राची जाड लाइन आहेच. वायरमन बघून गेलाय."

"कधी?" ऑरिनने जिन्यावरूनच विचारलं.

"मंगळवारी."

ऑरिन शेवटची पायरी उतरला नाही. बावीस वर्षं दोघं मिळून बिअर बनवत होते, तीही ऑरिनच्या गॅरेजात, प्रोपेनच्या शेगडीवर. आणि आता वायरमन येऊन गेल्याचं त्याला चार दिवसांनी कळत होतं.

"विजेवर बिअर म्हणजे आजारी माणसाची पेज, असं कोण म्हणायचं रे?"

"मीच. मग? माणसाने सुधारूच नये?"

"सुधार की. पण एकदम?"

"जानेवारीत गॅरेजचं दार उघडं टाकून किती वर्षं कुडकुडायचं? दार लावलं तर शेगडी आपला जीव घेईल. सिलिंडरवर हिम चढतं, ज्योत मान टाकते. आपण काय तिशीत आहोत?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ऑरिनला तेच खटकलं. वेंडेल कधी इतक्या तयारीने बोलत नसे.

घरी आल्यावर ऑरिनने बायकोला सांगितलं, "वेंडेलला पातेलं पळवायचंय."

मार्लिस बटाटे सोलत होती. "तुझं ते काळंकुट्ट पातेलं कोण नेणार?"

"तलावाच्या बंदरावर ते नवं बिअरघर निघालंय ना, त्याच्या दारात वेंडेलची गाडी दोनदा दिसली मला. सकाळी अकराला."

"मग?"

"मग आता तो आधी चाखत नाही."

ही गोष्ट ऑरिनने आजवर कुणाला सांगितली नव्हती. पूर्वी नवी बाटली उघडली की वेंडेल ग्लासात नाक खुपसायचा आणि जाहीर करायचा: संत्र्याची साल, मागून ओलं गवत. ऑरिन नुसती मान हलवायचा. जिल्ह्याच्या जत्रेत बिअरचा निवाडा करायला बोलावत, तेही वेंडेललाच. पण गेलं वर्षभर तो ग्लास उजेडात धरायचा, फिरवायचा आणि विचारायचा, "तुला काय लागतंय?" ऑरिन अडखळत काहीतरी सांगायचा आणि वेंडेल ते वहीत उतरवून घ्यायचा.

"माझ्याकडून काढून घेतोय सगळं. त्या बिअरघरवालीला देणार असेल."

"बावीस वर्षांत तुझ्या तोंडून शब्द निघाले तीन," मार्लिस म्हणाली. "ते ती बाई फुकटसुद्धा घ्यायची नाही."

ऑरिन हसला नाही.

पुढच्या शनिवारी गॅसवरची शेवटची खेप करायचं ठरलं. ऑरिन सकाळी यीस्ट आणायला म्हणून निघाला. पण पुडी तर आदल्या दिवशीपासून त्याच्या खिशातच होती. कोपऱ्यावर गाडी लावून तो दहा मिनिटं आत बसून राहिला आणि मग मागच्या अंगणातून, पावलांचा आवाज न करता, आपल्याच स्वयंपाकघरात शिरला. आपण एकटे असताना वेंडेल काय करतो, ते त्याला बघायचं होतं.

गॅरेजच्या आतल्या दाराशी पोचताच त्याच्या नाकात गॅसचा, सडक्या अंड्यांसारखा भपकारा शिरला.

त्याने दार ढकललं. तलावावरून वारं सुटलं होतं, म्हणून गॅरेजचं मोठं दार जेमतेम वीतभर उघडं होतं. त्याच फटीतून येणाऱ्या झोताने ज्योत विझली होती. शेगडी नुसती फुसफुसत होती. वेंडेल तिच्यावर वाकून शीळ घालत होता आणि खिशातून लायटर काढत होता.

"टाक तो! नको, टाकू नकोस! तसाच थांब!"

वेंडेल थिजला. ऑरिनने सिलिंडरची चावी बंद केली. ठिणगी उडेल म्हणून मोठ्या दाराच्या विजेच्या बटणाला त्याने हात लावला नाही. दोरी ओढली, खांदा लावला आणि दार हाताने वर ढकललं. मग वेंडेलची कॉलर धरून त्याला बाहेर बर्फात ओढलं.



"तुला वास नाही आला?"

वेंडेल बुटांवरचा बर्फ झटकायला लागला.

"वेंडेल. मला स्वयंपाकघरात आला. तू त्याच्यात उभा होतास."

"गेल्या फेब्रुवारीत ताप आला होता ना," वेंडेल म्हणाला, "तेव्हापासून. काहीच येत नाही."

"बिअरचा?"

"गार लागते. ओली लागते. थोडी कडू."

"आणि जत्रेत? सप्टेंबरमध्ये?"

"शेजारच्या परीक्षकाने जे लिहिलं, तेच."

"ती बिअरघरवाली?"

"हॉप्सच्या सुक्या फुलांच्या बरण्या हुंगायला देते. रोज हुंगत राहिलं की काहींचा वास परत येतो, म्हणे." त्याने लायटर ऑरिनच्या हातात दिला. "मला नाही आला."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू दुसरा कुणी शोधला असतास. नाकवाला."

 खिशातली यीस्टची पुडी ऑरिनने मुठीत दाबून धरली आणि चोरवाटेने आपण का आलो, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मार्चमध्ये पातेलं वेंडेलच्या तळघरात गेलं. जिना उतरताना खालचं, जड टोक ऑरिनने धरलं. विजेच्या कॉइलला ना ज्योत होती ना आवाज. पहिल्या खेपेला ऑरिनला सारखं वाटत राहिलं की काहीच शिजत नाहीये.

एप्रिल संपताना त्यांनी पहिली बाटली उघडली. वेंडेलने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला.

"बोल."

ऑरिनने घोट घेतला. तो तोंडात जरा वेळ फिरवला. नव्या पंख्याकडे बघितलं, झळझळीत वायरीकडे बघितलं, मग वेंडेलच्या तोंडाकडे.

"चांगली आहे."

"किती?"

"चांगली म्हणजे चांगली. गॅसच्यापेक्षा काकणभर सरसच म्हण."

वेंडेल डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिला. जुनी गाडी विकायला आलेल्या माणसाकडे बघावं, तसं.

"ऑरिन, मला आता दुसरं नाक नाही. तूच गोड बोलायला लागलास तर मी कुणाला विचारू?"

ऑरिनने आणखी एक घोट घेतला. या वेळी त्याने तोंड वाकडं केलं.

"मका. मका उकडून उरलेलं पाणी. घशाखाली उतरत नाही."

"झाकण ठेवलं होतंस उकळताना. वाफ आत कोंडली की बिअरला मक्याचा वास लागतो."

"तू वर बर्फ ढकलायला गेलास तेव्हा. वाफेने भिंती घामाघूम झाल्या होत्या रे. अर्धंच ठेवलं होतं."

"अर्ध्याने मका येत नाही."

"बरं. पूर्ण."

"गाढवा!" वेंडेल ओरडला. गेल्या वर्षभरात त्याचा आवाज इतका मोकळा लागला नव्हता. त्याने बाटल्यांचं खोकं उचलून सिंकजवळ आणलं, एक बाटली उघडून ऑरिनच्या नाकासमोर धरली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबला.

"ही?"

"ओत."

त्याने ती ओतली आणि दुसरी उघडली.

"आणि ही?"