तुर्जीच्या शेजारी

सिरीलने दहा नावं लिहिली आणि अकराव्या जागेपाशी तो थांबला. उठून त्याने खिडकी लावून घेतली. बाहेर मैदानावर पाणी मारणं चालू होतं, आणि गेटापाशी सॉसेज भाजणाऱ्यांनी दुपारीच कोळसे पेटवले होते. सामना संध्याकाळी सहाला. हरले तर आर्व्हिलचा क्लब तिसऱ्या श्रेणीतून खाली घसरणार होता, आणि एकदा खाली गेलेले क्लब सहसा वर येत नाहीत हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. बरोबरी झाली तरी पुरे होती.

अकरावं नाव एकोणीस वर्षं कुणी विचार करून लिहिलं नव्हतं. ते आपसूकच लिहिलं जायचं. गाएल तुर्जी, बचावफळीच्या मधोमध. चारशे अकरा सामने, दोन गोल, आणि त्यातला एक चुकून पाठीला लागून झालेला. पण गेल्या तीन सामन्यांत दोनदा प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूने पळत सुटले होते आणि तुर्जी त्यांच्या पाठीकडे बघत राहिला होता.

दार न वाजवताच गाएल आत आला. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली, हातात कॉफीचे दोन कप.

"अजून लिहितोयस? एवढ्या वेळात मी दोन्ही संघांची नावं लिहिली असती."

"बस," सिरील म्हणाला.

"बसलो की उठायला वेळ लागतो." तरीही तो बसला.

एके काळी हे दोघं शेजारी शेजारी खेळायचे. चार मोसम. सिरील चपळ होता. चेंडू दिसला की झेप घ्यायचा, निम्म्या वेळा चुकायचा, आणि घाबरून मागे वळून पाहायचा तेव्हा चेंडू तुर्जीच्या पायाशी असायचा. टाळ्या मात्र झेपेला पडायच्या. मग एका मोठ्या क्लबाने सिरीलला उचललं. नऊ वर्षं तो पहिल्या श्रेणीत खेळला, राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरापर्यंत जाऊन आला. दोन वर्षांपूर्वी तो प्रशिक्षक होऊन परतला, तेव्हा त्याच मैदानावर, त्याच जागी, तुर्जी उभा होता.

सिरीलने कॉफीला हात लावला नाही.

"तुला एक सांगायचंय. आजच्या आधीच सांगायला हवं होतं."

"सांग."

"मला ज्यांनी नेलं ना, त्यांचा माणूस माझ्यासाठी आला नव्हता. तुझ्यासाठी आला होता. सामना संपल्यावर तू आंघोळीला गेला होतास. त्याने माझ्याजवळ चिठ्ठी दिली. तुझं नाव, खाली फोन नंबर. मी ती खिशात घातली." तो थांबला. "उद्या देऊ म्हटलं. मग परवा. चौथ्या दिवशी त्यांचा मलाच फोन आला."

गाएल गुडघ्यावरची पिशवी नीट करत होता. कपाळावर आठी नाही, काही नाही.

"निळ्या शाईतली," तो म्हणाला.

"काय?"

"चिठ्ठी. त्याने मला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी घरी फोन केला होता त्याने. म्हणाला, तुमच्या जोडीदाराकडे निळ्या शाईत लिहिलेली चिठ्ठी दिली होती, मिळाली ना?"

सिरीलचा चेहरा उतरला. 

"मग तू काय म्हणालास?"

"मिळाली म्हणालो. आणि येत नाही म्हणालो. मारीझला सातवा महिना होता, तिची आई अंथरुणाला खिळलेली. आणि खरं सांगू, मला इथं बरं वाटत होतं. अजून वाटतं." त्याने एक घोट घेतला. "तो म्हणाला, मग कुणाला नेऊ? मी म्हटलं, माझ्या शेजारच्याला न्या."

"चिठ्ठीचं कळल्यावर?"

"हो."

"का?"

गाएलने जरा नवलानेच त्याच्याकडे पाहिलं. जणू सोपं गणित पुन्हा विचारलं होतं.

"तू वेगवान होतास. चिठ्ठीचा आणि वेगाचा काय संबंध?"

सिरील बाहेर होता तितकी वर्षं या माणसाने त्याला प्रत्येक नाताळला पत्र पाठवलं होतं, त्याच्या मुलीच्या बारशाला तीन तास गाडी हाकत आला होता, आणि एकदाही, चेष्टेतसुद्धा, हा विषय काढला नव्हता.

"रागावला नाहीस?"

"रागावलो की. आठवडाभर तुझ्याशी धड बोललो नाही. तुझ्या ध्यानातच आलं नाही." मग त्याने टेबलावरचा कागद बोटाने स्वतःकडे फिरवला आणि रिकामी ओळ पाहिली. "आज समोरच्या संघाचा नऊ नंबर वाऱ्यासारखा पळतो. मी नाही पळत. याचाही चिठ्ठीशी काही संबंध नाही, सिरील. बाकारीला घे, पोरगा पळतो. मला खेळवून जुनं काही फेडायला बघू नकोस. गावाचा क्लब आहे, तुझा-माझा नाही."

तो टेबलाला धरून उठला. खरंच वेळ लागला.

सिरीलने अकरावं नाव लिहिलं. बाकारी.

सामना ओढाताणीचाच झाला. विसाव्या मिनिटाला आर्व्हिलने गोल केला, विश्रांतीनंतर तो फिटला. बाकारीने मात्र नऊ नंबरला शेवटपर्यंत मोकळं सोडलं नाही. एक-एक. ऐंशीव्या मिनिटाला पाहुण्यांनी पळणाऱ्याला बाहेर काढलं, ताडमाड उंचीचा एक गडी आत आणला आणि लांबून उंच चेंडू टाकायला सुरुवात केली. आता पायांचं काम संपलं होतं. सिरील वळला, तर गाएल जाकीट काढून उभाच होता.

उरलेला वेळ तुर्जीने जवळजवळ चालतच काढला. पहिला चेंडू आला तेव्हा त्याने उडीसुद्धा मारली नाही; उंच गड्याला उडी घेता येऊ नये अशा जागी तो आधीच जाऊन उभा होता. दुसऱ्यांदा त्याने बाकारीला हाताने दोन पावलं डावीकडे सरकवलं, आणि चेंडू नेमका बाकारीच्या कपाळावर आला. शेवटच्या मिनिटाला पाहुण्यांना फ्री किक मिळाली. सगळे उंच गड्याभोवती गोळा झाले. तेवढ्यात तुर्जी आपला माणूस सोडून मागे निघाला. चेंडू गोलरक्षकाला चकवून खांबाकडे गेला. तिथे, रेषेवर, तुर्जी होता. चेंडू त्याच्या पोटावर आदळला. तो खाली बसला, चेंडू बाहेर गेला, शिट्टी वाजली.

लोकांनी गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतलं. गाएल बसल्या जागीच पोट धरून हसत होता. पाहुण्यांच्या उंच गड्याने हात देऊन त्याला उठवलं.

अर्ध्या तासाने पत्रकारांच्या खोलीत मादाम ओदेत वही मिटत होत्या. गावच्या वर्तमानपत्रात फुटबॉलवर तीस वर्षं त्याच लिहीत होत्या. बाकीचे पत्रकार निघून गेले होते.

"तुर्जी आता थांबणार म्हणे," त्या म्हणाल्या. "चांगला होता हो. पण जन्मभर तिसऱ्या श्रेणीत. मला नेहमी वाटायचं, एवढ्या वर्षांत एकाही मोठ्या क्लबाने त्याला विचारलं कसं नाही?"

सिरील दाराशी पोहोचला होता. बोळातून मंडळींचं गाणं ऐकू येत होतं, त्यात गाएलचा बेसूर आवाज ओळखू येत होता.

"विचारलं होतं," तो म्हणाला. त्याने दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली. "लिहून घ्या. यात माझंही नाव येईल."