सरळ रेघ

"अहो, जेवताना तरी तो फोन पालथा ठेवा," बायको म्हणाली. तिने स्वतः काहीच वाढून घेतलं नव्हतं. दोन दिवस तिच्या अंगात कणकण होती. विचारलं की 'बरी आहे मी' म्हणायची, आणि विषय तिथेच मिटायचा.

फोनवर दवाखान्यातल्या लशींच्या फ्रिजच्या तापमानाची रेघ होती. चार अंश, सरळ. नवा फ्रिज नुसते आकडे पाठवायचा. कुठला आकडा कशाचा, हे देखरेखीच्या पडद्याला समजावणारी फाइल कंपनीने दिलीच नव्हती. ती त्याने आठवडाभर खपून लिहिली. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली, आणि त्यालाही ती शहाण्या मुलासारखी रेघ पाहून बरं वाटायचं. आज मात्र तीच डोक्यात भुणभुणत होती. उद्याच्या शिबिराच्या लशी सकाळीच आल्या होत्या. त्या भरताना दार कितीतरी वेळ उघडं असणार. मग रेघ जराही हलली कशी नाही?

तो घास टाकून उठला.

"निघाले शंकासुर," बायको हसली आणि हसताना तिने भिंतीला हात टेकला. त्याला ते दिसलं, पण तोवर पाय चपलेत गेले होते.

वाटेत साहेबांना फोन केला. सगळं हिरवं दिसतंय, सुट्टीच्या दिवशी कशाला जिवाला घोर लावून घेता, असं ते म्हणाले. दवाखान्यात पोचताच त्याने फ्रिजमध्ये हात घातला. बाटल्या कोमट होत्या.

"मला सकाळीच जाणवलं होतं," सिस्टर हळूच म्हणाल्या. "पण पडद्यावर चार होतं ना. वाटलं, माझाच हात गरम असेल."

तो लॅपटॉप मांडीवर घेऊन फरशीवरच बसला. फ्रिज दोन आकडे लागोपाठ पाठवत होता: किती थंड ठेवायचं ठरवलंय तो, आणि खरोखर किती थंड आहे तो. त्याने पहिल्यालाच तापमान म्हटलं होतं. तेव्हापासून पडदा फक्त ठरवलेलं वाचून दाखवत होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याने ती ओळ बदलली. रेघ एकदम एकोणीसवर गेली. फ्रिज थंड करतच नव्हता.

सिस्टर बाटल्या टाकायच्या पिशवीत भरू लागल्या. त्याने साहेबांना पुन्हा फोन केला. त्यांनी सुचवलं, कंपनीचा दोष म्हणून कळवू.

"नको साहेब. फाइल माझी आहे."

"उद्या पोरांना घेऊन आया येतील, त्यांना काय सांगू?" सिस्टरनी विचारलं.

"मी उभा राहतो दारात. मीच सांगेन."

घरी आला तेव्हा ताट तसंच होतं. बायको खुर्चीत बसली होती. त्याने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "बरी आहे मी."

जवळ जाऊन त्याने तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला.

"चल, डॉक्टरकडे," तो म्हणाला.

तिने वाद घातला नाही. नुसते पाय पुढे केले, आणि तो खाली वाकून तिला चपला घालू लागला.