रघूची राधा होणार नाही

अंबरनाथच्या कारखान्याच्या वसाहतीत दर जानेवारीत नाट्यमंडळाचं नाटक व्हायचं. बारा वर्षं ते कमळाकर शेवडेच बसवत होते. ड्रॉइंग ऑफिसातला अबोल माणूस, वय सत्तेचाळीस, लग्न केलेलं नाही. थोरली बहीण सुनंदाताई त्यांच्याकडेच राहायची आणि नाटकात प्रॉम्प्टिंग करायची.

१९९५ साली त्यांनी पहिल्यांदाच स्वतः नाटक लिहिलं. बदलापूरजवळच्या गावातली दोन मुलं, बाळ आणि रघु, अकरावी मॅट्रिकच्या वर्गातली. त्यांचं एकमेकांवर प्रेम बसतं. एवढंच.

दोन महिने तालमी झाल्या आणि प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना मंडळातल्या कुणीतरी संहिता वाचली. बाळ आणि रघु करणाऱ्या कॉलेजच्या पोरांना बापांनी घरी बसवलं. मंडळाचे अध्यक्ष शशिकांत टिपणीस यांनी तातडीची बैठक बोलावली.

"नाटक गोड आहे हो," टिपणीस म्हणाले, "फक्त रघूची राधा करा. बाकी काही बदलायला नको."

"नाही करणार."

"अहो, पण असं कुठे असतं का?"

कमळाकर उठून उभे राहिले.

"असतं. मी अकरावीत होतो तेव्हा माझ्यासमोर राधा नव्हती, टिपणीससाहेब. रघुच होता."

कोपऱ्यात सुनंदाताई वही मिटून बसली होती. घरी जाताना ती दोन पावलं पुढेच चालत होती. कमळाकरांना अध्यक्षांची फिकीर नव्हती, फिकीर होती ती तिची.

घरी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मला वाटायचं, आईच्या आजारपणामुळे तू लग्नाला नाही म्हणालास."

"तसं सांगणं सोपं होतं, ताई."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "आता बाळचं काम कोण करणार?"

"मीच."

"मग अर्ध्या बाह्यांचा शर्ट घाल. तेव्हा तू तसलेच घालायचास."

रघु मिळाला तो सेट उभा करणारा हिरामण. हेंद्रेपाड्याचा, कारखान्यात फिटर, डोक्यावर टक्कल, घरी तीन लेकरं. "मना सगला पाठ हाय, साहेब. दोन मयने ऐकतोय. लोक हसतील. हसूं दे."

"बायको काय म्हणेल?"

"तीच बोलली, जा म्हणून."

मंडळानं आपलं नाव काढून घेतलं. सभागृह मात्र कमळाकरांच्या नावावर मिळालेलं होतं, ते काढता येईना. रविवारी दुपारी सुनंदाताईनं दारातल्या फलकावरचं मंडळाचं नाव सगळ्यांदेखत काळ्या रंगानं खोडलं आणि खाली लिहिलं : सादर करीत आहेत कमळाकर आणि हिरामण.

पाच वाजता पडदा उघडला. दोन पोक्त माणसं शाळकरी पोरांसारखी दप्तरं घेऊन आली, तेव्हा हशा पिकला. शिट्ट्याही पडल्या. कमळाकर थांबले नाहीत.

मग काट्याचा प्रवेश आला. बाळच्या पायात बाभळीचा काटा मोडतो आणि रघु पाय मांडीवर घेऊन तो काढतो.

"निघाला," हिरामण म्हणाला.

"मग सोड ना पाय."

"सोडतो."

त्यानं सोडला नाही. ते दोघं तसेच बसून राहिले, एकमेकांकडे न बघता. सभागृहातलं हसू हळूहळू विरलं. टिपणीस उठले, त्यांच्यामागे पुढच्या दोन रांगा उठल्या, खुर्च्या करकरल्या. कमळाकरांनी मान वर केली आणि पुढचं वाक्य जाणाऱ्यांच्या पाठीवर जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "मला तू आवडतोस, रघु. मी कुणाचं काही चोरलेलं नाही."

उरलेली माणसं शेवटपर्यंत बसली. टाळ्या फार नव्हत्या. पण ज्यांनी वाजवल्या, त्यांनी उभं राहून वाजवल्या.

मंगळवारी मंडळाची नोटीस आली : वसाहतीची लेखी माफी मागावी, अन्यथा सदस्यत्व रद्द. कमळाकरांनी ड्रॉइंगच्या पेन्सिलीनं त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहिलं आणि स्वतः टिपणिसांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"दुसरा प्रयोग रविवारी पाच वाजता, हेंद्रेपाडा, हिरामणच्या अंगणात. रघु रघुच आहे. सहकुटुंब यावे."