दिवे लागल्यावरचं विरजण

माझी बायको बया वारली तेव्हा तिच्या हातच्या दह्याची एक वाटी फ्रिजमध्ये होती. ती मला खाववेना आणि टाकवेना. तशीच झाकून ठेवली.

आम्ही वारणानगरच्या कॉलनीत राहतो. शेजारची चिमणाबाई विरजण बयाकडूनच न्यायची. बया गेल्यावर एका संध्याकाळी चिमणाबाई आपली वाटी घेऊन आली. मी फ्रिजमधून पाण्याची बाटली काढत होतो.

"दाजी, आमचं दही नासलं. बयाक्काचं जरा विरजण द्या की."

एका चमच्यानं काही बिघडलं नसतं. पण मी म्हणालो, "दिवं लागल्यावर विरजण देत न्हाईत."

"हे तुमी कवापासनं पाळाय लागला?"

बयाने असलं कधी पाळलं नव्हतं. मी फ्रिजचं दार लावलं. ती रिकामी वाटी घेऊन गेली.

मे महिन्यात मी कोडोलीला भावाकडे राहून आलो, तर फ्रिज बंद आणि आतून वास. नागसेन मिस्त्रीला बोलावलं. त्याने थर्मोस्टॅटच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या. कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला.

"काका, मशीन ठणठणीत हाय. थर्मोस्टॅट तेवढा गेलाय. नवा घालतो. आतलं समदं बाहेर काढा."

मी हललो नाही. त्यानेच काढायला घेतलं.

"आयला, ह्या वाटीत काय पिकवलंय वो? काळी बुरशी आलीया."

"ठेव ती खाली!" मी ओरडलो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

वाटी घेऊन मी मोरीत गेलो. बुरशी खरवडली. खाली हिरवट पाणी होतं. ते ओतून टाकलं, वाटी घासली आणि तशीच घेऊन चिमणाबाईच्या दारात गेलो. तिने नुकताच देवापुढे दिवा लावला होता.

"बयाचं दही तुमच्याकडं थोडं तरी उरलं असंल की. त्यातलं जरा द्या."

"बयाक्काचं कुठलं, दाजी? तुमी न्हाई म्हणाला, मग डेअरीचं आणलं. तेच लावतोय."

म्हणजे बयाचं दही आता कुठेच नव्हतं. त्या दिवशी दिलं असतं, तर या घरात तरी राहिलं असतं.

"आणा वाटी," ती म्हणाली.

"दिवं लागल्यात," मी म्हणालो.

"लागंनात." तिने चमचाभर दही वाटीत घातलं.

"त्या दिवशी घरात हुतं वो, चिमणाबाई."

"ठावं हाय. फ्रिज उघडाच हुता की."

मी वाटी घेतली. मान वर झाली नाही.