मंगळवारचं पाणी

रावसाहेबांनी पाडव्याला वहिनीकडे श्रीखंडाची वाटी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी वहिनीचा पाट नांगरून टाकला. आधी गोड, मग काम, ही त्यांची जुनी रीत.

हडपसरच्या उंच इमारतींच्या खोबणीत उरलेला तो जमिनीचा तुकडा. अर्धा रावसाहेबांचा, अर्धा त्यांच्या थोरल्या भावाच्या विधवेचा, म्हणजे वेणूबाईंचा. विहीर सामाईक, पण पडली रावसाहेबांच्या बाजूला. तिथून मातीचा पाट त्यांच्या वाफ्यांमधून वेणूबाईंच्या रानात जायचा. मंगळवारचं पाणी वेणूबाईंचं, हे सासरे ठरवून गेलेले.

वेणूबाईंनी नुकतीच मेथी टाकली होती. मुलगा आमोद कंपनीत नोकरीला, त्यानं आईला बजावलं होतं, "रान हिरवं आहे तोवर विकायचा विषय काढणार नाही. वाळलं, की मी म्हणेन तसं." ही गोष्ट रावसाहेबांच्या कानावर गेली होती. बिल्डरला सगळा तुकडा एकत्र हवा होता, आणि रावसाहेबांचं घोडं त्या मेथीपाशी अडलं होतं.

दीर-भावजयीत वाटण्या झाल्यापासून अबोला. बोलायचं ते रावसाहेबांच्या सुनेच्या, नम्रताच्या तोंडून. ती बिचारी दोघांच्या मधे उभी राही.

"नम्रता, इचार सासऱ्याला, पाट कुठं गेला?"

"सूनबाई, सांग त्यास्नी, ट्रॅक्टरवाल्याला दिसला न्हाई. गवत लई माजलं हुतं."

"गवत व्हय? मला वाटलं मानूस."

रावसाहेबांनी मिशीला हात लावला. "सांग, मी आता धनं पेरल्यात. पेरलेल्या रानात कुनी पाय टाकायचा न्हाई, खोरं तर लांबच."

"न्हाई टाकत म्हनावं," वेणूबाई म्हणाल्या, आणि इतक्या मुकाट्यानं घरी गेल्या की रावसाहेबांना त्या रात्री जेवण गोड लागलं. तिथंच त्यांचं चुकलं. ही बाई भांडली की निर्धास्त असावं. गप्प बसली की दार लावून घ्यावं.

मंगळवारी दिवस उगवताच वेणूबाईंनी बांधावरनं येऊन विहिरीची मोटार चालू केली आणि मोटारीच्या खोलीच्या उंबऱ्यात फतकल मारून बसल्या. पाणी हौदात पडलं, हौदातून नेहमीच्या तोंडानं बाहेर निघालं, आणि पुढं पाटच नाही म्हटल्यावर रावसाहेबांच्या वाफ्यांत शिरलं. मोकळी भुसभुशीत माती वाहायला लागली. रगडून टाकलेले धने वर आले आणि फेसाबरोबर तरंगत बांधाकडे निघाले.

"आगं, मोटार बंद कर म्हनावं!" रावसाहेब धोतर खोचत पळत आले, मागोमाग नम्रता.

नम्रतानं तोंड उघडायच्या आत वेणूबाई म्हणाल्या, "का? आज मंगळवार हाय. पानी माझं हाय. ते कुठनं जातंय ते पान्याला इचार म्हनावं. मी काय पेरलेल्या रानात पाय टाकलेला न्हाई."

बटण त्यांच्या पाठीमागं. आत जायचं तर त्यांना ओलांडायला हवं, नाहीतर हाताला धरून उठवायला हवं. रावसाहेबांनी आजवर पुष्कळ काही केलं होतं, पण थोरल्या भावजयीच्या अंगाला हात लावायची छाती त्यांना नव्हती. समोर दुसरा वाफा फुटला.

"सटवी हाय सटवी!" हे त्यांनी सुनेमार्फत पाठवलं नाही. मग खोरं उचललं आणि चिखलात उतरले.

पाट काढायला वेळ लागतो, तो मोडायला लागत नाही. वरच्या गॅलऱ्यांमधून टॉवेल वाळत घालणारी माणसं बघत होती. रावसाहेब घोट्यापर्यंत रुतत, शिव्या देत, दोन्ही बाजूंना माती ओढत होते.

"नम्रता, वाकडा काढतोय बघ तुझा सासरा. सरळ काढ म्हनावं, पानी अडतंय."

नम्रतानं पदर तोंडात कोंबला.

पाणी सीमेपाशी आलं तशा वेणूबाई उठल्या, आपल्या रानात गेल्या आणि मेथीच्या पहिल्या वाफ्याचं तोंड फोडून पाणी आत घेतलं. मेथीचे कोंब बुडून परत वर आले.

"मामंजी म्हणतात," नम्रता चाचरत आली, "त्यांच्या कडेचा वाफा तेवढा कोरडा राहिलाय. आता पाट झालाच आहे, तर थोडं पाणी सोडाल का?"

वेणूबाईंनी तिकडे बघितलं. अख्ख्या रानात धने जागेवर उरले होते ते तेवढ्याच वाफ्यात. त्या सावकाश गेल्या, पाटातलं पाणी झिरपायला लागलेल्या त्या वाफ्याच्या तोंडावर ओल्या मातीचं ढेकूळ ठेवलं आणि टाचेनं घट्ट दाबलं. "सांग त्यास्नी, आज मंगळवार हाय."