ताई नावाची लाइन

आमच्या वर्कशॉपमध्ये चौदा मशिनी आहेत आणि त्यांच्यावर बसणाऱ्या चौदाही बायका मला ताई म्हणतात. ताई, कॉलर उलटी लागली. ताई, दोरा संपला. मालक ताई म्हणतो, गठ्ठे उतरवणारा हमाल ताई म्हणतो, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा असलेला इस्त्रीवालासुद्धा ताईच म्हणतो. शाळांचे, कारखान्यांचे गणवेश आम्ही शिवतो आणि कापायचं काम माझं. एका वेळी कापडाचे चाळीस थर कापते मी. एक खूण चुकली तर चाळीस सदरे कचऱ्यात, म्हणून मशीन लावायच्या आधी दोनदा मापते. अठरा वर्षांत कापडाचा एक ताका फुकट घालवला नाही. बढाई मारत नाहीये. मी किती सावध बाई आहे ते कळावं म्हणून सांगतेय, कारण त्या रविवारी मी जे केलं ते एखाद्या बावळटानेही केलं नसतं.

आईच्या फोनमध्ये दोन नंबर होते. एक तिचा, सतरा वर्षांपूर्वीचा. माझ्या धाकट्या भावाला पहिली नोकरी लागली तेव्हा त्याने स्वतःच्या नावावर घेऊन तिला दिलेला. दुसरा माझा जुना नंबर. माझा फोन बादलीत पडला तेव्हा दोन आठवडे तो तिच्या फोनमध्ये ठेवला होता. पुढे मी नवा फोन, नवा नंबर घेतला आणि तो तिथेच पडून राहिला. दोन्ही ई-सिम, म्हणजे कार्ड नाही, चिप नाही, कंपनीने फोनच्या पोटात उतरवून दिलेले नंबर. ही सगळी खटपट भावाने केली होती. तेव्हा तो बरा होता.

मग तो बरा राहिला नाही. आधी झोप गेली. मग भिंतीपलीकडची माणसं आपल्याबद्दलच बोलतात असं त्याला वाटायला लागलं. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, गोळ्या त्याने गादीखाली लपवणं झालं. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी पायात चपला घालून खाली गेला तो गेलाच. स्वतःचा फोन उशाशी ठेवून गेला. पोलिसांत तक्रार दिली, दवाखाने पालथे घातले, बेवारशांची यादीसुद्धा वाचून आले मी, ते आईला अजून माहीत नाही.

डोक्यातलं सगळं विस्कटलं तरी आईचा नंबर तेवढा शाबूत राहिला. दोन-तीन महिन्यांनी कधीतरी कुणा परक्याचा फोन मागून तो लावतो. 'मी आहे' म्हणतो आणि ठेवतो. असं चारदा झालं. आपण उलटा फोन करावा तर तो परका म्हणतो, कोण होता काय माहीत, गेला निघून. त्या दोन शब्दांवर आई जगत होती. फोन न्हाणीघरात न्यायची, फोन देवाजवळ ठेवायची, झोपताना हाताखाली घ्यायची. आपण फोन बंद ठेवायचा असतो हेच ती विसरली होती.

आणि माझी ती बिनकामाची लाइन दिवसभर नेटवर्क शोधत बसायची. दुपारी तीनच्या सुमाराला बॅटरी मान टाकायची. आई चार्जरच्या वायरीला बांधल्यासारखी भिंतीपाशी बसून राहायची. मला ते बघवेना. रविवारी सुट्टी होती, म्हटलं, आज तो नंबर काढूनच टाकते. कसा काढायचा ते फोनवरच वाचलं. सिमच्या यादीत जा, नको ती लाइन निवडा, काढा दाबा. यादीत दोन नावं होती. एक 'ताई' आणि एक 'दुसरी लाइन'. खाली नंबर यायला हवे होते, तिथे दोन्हीकडे कोरं. ताई म्हणजे मी. यात विचार तो काय करायचा? फोनने बिचाऱ्याने दोनदा विचारलं. नक्की काढायचं का, हे परत आणता येणार नाही. मी हो म्हटलं, परत हो म्हटलं.

स्क्रीनवरच्या सिग्नलच्या रेघा गेल्या. जरा वाट पाहिली. फोन बंद करून चालू केला. मग माझ्या फोनवरून आईचा नंबर लावला, आणि टेपवरची बाई गोड आवाजात म्हणाली, आपण लावलेला क्रमांक सध्या बंद आहे.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. भाऊ बोलायला शिकला तो मावशीच्या मांडीवर. मावशी आमच्याकडे राहायची आणि आपल्या थोरल्या बहिणीला ताई म्हणायची. पोरगंही तेच शिकलं. जन्मात त्याने आईला आई म्हटलं नाही, ताई म्हटलं. मला तो बुटके म्हणतो. फोनमध्ये नाव त्याने घातलं होतं, तर ती ताई त्याच्या तोंडची. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण अकरा महिने ती हाक घरात ऐकू आली नव्हती, आणि माझ्या कानात चौदा बायका भरलेल्या. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. घेतलीही एक.

आईला सांगितलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातली घडी पुरी केली आणि विचारलं, "म्हणजे आता त्याने फोन केला तर?"

लागणार नाही, म्हटलं. ती उठली आणि चपला शोधायला लागली.

आधी मी कंपनीच्या मदत-क्रमांकाला फोन केला. पंचवीस मिनिटं गाणं ऐकवलं त्यांनी. मग एक जण आला, अतिशय नम्र. प्रोफाइल पुन्हा देता येईल म्हणाला. माझ्या जिवात जीव आला. फक्त खात्रीसाठी तुमच्या नंबरवर सहा आकडी कोड पाठवलाय, तो सांगा. म्हटलं, अहो, तो नंबरच गेलाय, कोड येणार कुठे? तो म्हणाला, एकदा मेसेज तपासून बघता का मॅडम? मी त्याला जे बोलले ते आईसमोर बोलायला नको होतं.

मग कंपनीचं दुकान. काचेचा दरवाजा, थंडगार हवा, टोकन नंबर त्रेसष्ट, आणि काउंटरवर चष्म्याला साखळी लावलेली एक बाई. आम्ही बसलो तेव्हा एक वाजून गेला होता. आईने तो मुका झालेला फोन दोन्ही हातांत धरला होता. दर थोड्या वेळाने बघायची, जणू आपलं आपण सुरू होईल. मला तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. मनात एकच चाललेलं. चारदा आलाय तो अकरा महिन्यांत, नेमका आजच कशाला येईल. आज नको रे येऊस बाबा, एवढा एक दिवस जाऊ दे.

आमचा नंबर लागला तेव्हा दोन वाजून गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाल्या, नंबर यांच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे त्यांना ओळखपत्र घेऊन यावं लागेल.

"तो सापडावा म्हणूनच तर नंबर हवाय," मी म्हटलं.

पोलिसांच्या तक्रारीची प्रत दाखवली. त्यांनी ती सगळी वाचली, उगीच नजर फिरवली नाही, हे मान्य करते. पण बेपत्ता माणसासाठी आमच्याकडे रकाना नाही म्हणाल्या. माझा आवाज चढला. लोक बघायला लागले. सतरा वर्षं दर महिन्याला रिचार्ज मारून घेताना कुणाच्या नावावर आहे ते विचारलं नाही, आता बरं सुचतंय, असं बरंच काही बोलले. शेवटी रडकुंडीला आले आणि तेही सगळ्यांसमोर. नंबर असाच राहिला तर काय होईल, विचारलं. नव्वद दिवस तसाच राहील, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाईल. म्हणजे भाऊ कधीतरी 'मी आहे' म्हणेल आणि कुणीतरी तिऱ्हाईत त्याला राँग नंबर म्हणून ठेवून देईल. हे डोळ्यांपुढे आलं. काउंटरची कड धरून उभी राहिले.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. एक फॉर्म काढला, फिरवून आमच्यापुढे ठेवला आणि पेनाच्या टोकाने एक चौकोन दाखवला. धारक मयत. जवळच्या वारसाने सही केली तर नंबर त्याच्या नावे आजच्या आज सुरू होतो. मृत्यूचा दाखला तीस दिवसांत आणून द्यायचा. नाही दिला तर लाइन बंद.

"मी काही सुचवत नाहीये," त्या म्हणाल्या. "फॉर्ममध्ये काय आहे ते सांगतेय."

मी फॉर्म ढकलून दिला. म्हटलं, आई, चल, आपण वरच्या साहेबाला भेटू, वकील बघू, काहीतरी करू. आपला माणूस जिवंत असताना त्याला मेला म्हणून लिहून द्यायचं? माझ्या हातून तरी होणार नाही. पुन्हा एवढं सगळं माझ्यामुळे झालेलं, आणि त्यावर हे.

आईने बाईंना विचारलं की वकील केला तर किती दिवस लागतील. त्यांना सांगता येईना. आईने पिशवीतून चष्मा काढला. फॉर्म ओढून घेतला. चौकोनात खूण केली, सावकाश, शाळेतल्यासारखी. पुढे तारीख लिहायची होती, मृत्यूची. तिथे मात्र तिचं पेन थांबलं. मला वाटलं, आता कोसळते. पण ती हिशेब मांडत होती. तो घरातून गेला ती तारीख तिने मनातच बाद केली, कारण त्यानंतर चारदा फोन आलेले. शेवटचा फोन सात आठवड्यांपूर्वीचा, तीही नको. मागचं कुठलंच तिला चालेना.

"आजची घालते," ती म्हणाली. "कालपर्यंत तर होता ना." आणि सही केली.

बाईंनी चौकटीतला तो काळा-पांढरा कोड छापून दिला. मी तो आईच्या फोनने स्कॅन केला. तीनदा चुकलं. मग चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि रेघा आल्या. एक, दोन, चार. आईने माझ्या दंडाला धरलं. मी तिचा नंबर लावला आणि तिच्या हातातला फोन वाजला. तेव्हा आम्ही दोघी हसलो, हे सांगायला लाज वाटते.

लगेच मेसेज आला. फोन बंद असताना कोण कोण लावत होतं ते कंपनी कळवते, तसा. एक अनोळखी नंबर. दोन कॉल. दुपारी एक चाळीस आणि एक त्रेचाळीस.

मी तिथेच उभ्या उभ्या तो नंबर लावला. गाड्या धुण्याच्या गॅरेजवाला होता, मागे पाण्याचा आवाज. गावाचं नाव सांगितलं, बसने सहा तासांवरचं. हो, आला होता एक जण, म्हणाला. दाढी वाढलेली, एका पायात चप्पल, एका पायात बूट. नीट बोलला, फोन द्या म्हणाला, नंबर तोंडपाठ दाबला. लागला नाही. मी म्हटलं परत लाव, तर परत लावला. मग टेपवरची बाई काय म्हणते ते मलाही ऐकवलं त्याने, फोन कानाला लावून.

"मग?" मी विचारलं. फोन स्पीकरवर होता. आई आणि काउंटरवरच्या बाई दोघी ऐकत होत्या.

"मग म्हणाला, ताई गेली वाटतं. ती असती तर फोन बंद ठेवला नसता. मी म्हटलं, दुसरा कुठला नंबर आहे का? तर नाही म्हणाला. नळावर तोंड धुतलं आणि हायवेच्या बाजूला चालत गेला. तासाभरावर झालं. रडत होता जरा."

मी त्याला सांगितलं, परत दिसला तर धरून ठेवा, पाया पडते तुमच्या, सांगा की ताई आहे, फोन चालू आहे. त्याने बघतो म्हटलं. भला माणूस वाटला, पण गिऱ्हाईक हाका मारत होतं.

आई फोनकडे बघत होती. काउंटरवरच्या बाईंचे डोळे भरले होते. त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, की आता तो हयात आहे हे त्यांच्या कानांनी ऐकलंय, आईंना हवं असेल तर हा कागद अजून फाडता येईल. पण मग लाइन आत्ताच्या आत्ता बंद करावी लागेल.

मी आईकडे पाहिलं. तिने कागद बाईंच्या हातून घेतला, वाचला, आणि परत त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"राहू दे," ती म्हणाली. "लहानपणापासून मेल्या म्हणूनच हाक मारत आले मी त्याला. अजून तीस दिवस मारते."

मग चष्मा पिशवीत टाकला आणि मला म्हणाली, चल, बस कुठून सुटते ते विचार.